जपानी भाषेच्या परीक्षा आणि जपानमध्ये शिकू इच्छिणारा मराठी विद्यार्थी : एक तुलनात्मक समीक्षा

प्रास्ताविक

जपानमध्ये उच्च शिक्षणासाठी जाण्याची इच्छा असलेला विद्यार्थी रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या प्राध्यापकाकडे चौकशीसाठी येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा 'सर, एन-किती लागतो?' असाच असतो. हा प्रश्न वरवर साधा असला, तरी त्यात तीन गृहीतके दडलेली आहेत. जपानी भाषेची परीक्षा एकच आहे, तिच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि त्यांपैकी विशिष्ट पायरी गाठली की विद्यापीठाचे दार उघडते, अशी ती गृहीतके होत. शिकवणी वर्गांच्या जाहिराती, वर्तमानपत्रांतील करिअरविषयक पुरवण्या आणि आपण प्राध्यापक मंडळी या तिघांनीही ती रुजविण्यास हातभार लावलेला आहे.

प्रस्तुत लेखकही याला अपवाद नाही. काही वर्षांपूर्वी बारावी विज्ञान शाखेची परीक्षा दिलेल्या एका विद्यार्थ्याला 'एन-३ पर्यंत जा, पुढचे पुढे पाहू' असा सल्ला प्रस्तुत लेखकाने दिला होता. विद्यार्थी कष्टाळू होता. पदवीचा अभ्यास सांभाळून त्याने पुण्याला फेऱ्या मारल्या आणि अडीच वर्षांत एन-३ चे प्रमाणपत्र मिळविले. त्यानंतर त्याने एका जपानी विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागाची प्रवेशपुस्तिका उघडली, तर तीत 'एन' हे अक्षरच नव्हते. तेथे वेगळ्याच परीक्षेचे गुण मागितले होते आणि त्या परीक्षेचे नाव त्याने किंवा त्याला सल्ला देणाऱ्याने तोपर्यंत ऐकलेले नव्हते. सदर लेखाची प्रेरणा त्या संकोचात आहे, हे प्रारंभीच नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

या लेखात मुख्यतः दोन परीक्षांची तुलना केली आहे. एक 'जपानी भाषा-क्षमता परीक्षा', जी सर्वत्र जेएलपीटी या आद्याक्षरांनी ओळखली जाते. आणि दुसरी 'जपान-अध्ययन परीक्षा', जिला ईजेयू म्हणतात. अन्य परीक्षांचा विचार ओघाने येईल तेवढाच केला आहे. परीक्षा हीदेखील एक संहिता असते. ती कोणता प्रश्न विचारते यावरून, आणि कोणता विचारत नाही यावरूनही, तिच्या मनातील आदर्श विद्यार्थी ओळखता येतो. साहित्यकृतीच्या समीक्षेत आपण अभिप्रेत वाचकाचा शोध घेतो, त्याच रीतीने येथे अभिप्रेत परीक्षार्थीचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

'क्षमता' आणि 'अध्ययन'

दोन्ही परीक्षांची मूळ जपानी नावे शेजारी ठेवली, तरी अर्धा उलगडा होतो. पहिलीचे नाव 'निहोंगो नोर्योकु शिकेन'. 'निहोंगो' म्हणजे जपानी भाषा, 'नोर्योकु' म्हणजे क्षमता आणि 'शिकेन' म्हणजे परीक्षा. दुसरीचे नाव 'निहोन र्यूगाकु शिकेन'. यातील 'र्यूगाकु' या शब्दाचा अर्थ परदेशी राहून शिकणे असा आहे. पहिल्या नावात भाषा आहे आणि शिक्षण नाही. दुसऱ्या नावात शिक्षण आहे आणि भाषेचा उल्लेखही नाही.

जेएलपीटीचा प्रारंभ १९८४ मध्ये झाला. जपान फाउंडेशन आणि जपानमधील एक शैक्षणिक विनिमय संस्था या दोघांच्या सहकार्याने ती घेतली जाते. प्रारंभी तिचे चार स्तर होते. जुन्या आराखड्यात चौथ्या, म्हणजे सर्वांत खालच्या स्तरासाठी सुमारे १०० कांजी चिन्हे, ८०० शब्द आणि १५० तासांचा अभ्यास अपेक्षित धरला जाई. तिसऱ्या स्तरासाठी ३०० कांजी, १,५०० शब्द, ३०० तास. दुसऱ्यासाठी १,००० कांजी, ६,००० शब्द, ६०० तास. आणि पहिल्यासाठी २,००० कांजी, १०,००० शब्द, ९०० तास. तिसऱ्या आणि दुसऱ्या स्तरांमधील ही दरी फार रुंद असल्याने २०१० च्या पुनर्रचनेत तेथे एक नवी पायरी घालण्यात आली आणि एन-५ ते एन-१ असे पाच स्तर अस्तित्वात आले. आज जिला एन-३ म्हणतात, ती ही मधली पायरी होय.

ईजेयू वयाने लहान आहे. तिचा आरंभ २००२ मध्ये झाला. तत्पूर्वी स्वखर्चाने शिकू इच्छिणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पदवी प्रवेशासाठी सामान्यतः दोन परीक्षा द्याव्या लागत : विषयज्ञानासाठी एक सामाईक परीक्षा आणि भाषेसाठी जेएलपीटी. भाषा-क्षमतेची परीक्षा विद्यापीठीय शिक्षणासाठी पुरेशी नाही, या जाणिवेतूनच नवी परीक्षा आखली गेली. म्हणजे आपण रत्नागिरीत आज ज्या प्रमाणपत्राला प्रवेशाची किल्ली समजतो, ती किल्ली त्या दाराला नीट लागत नाही, असे जपानी शिक्षणव्यवस्थेने वीस वर्षांहून अधिक काळापूर्वीच ठरविलेले आहे.

मुळात अशी परीक्षा लागतेच का, या प्रश्नाचे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातही डोकावते. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकियो येथील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली होती. त्या विद्यापीठाची स्थापना १९०१ मधली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्व्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते पुण्यात सुरू झाले. मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्याचे एक प्रमुख तत्त्व होते. जपानने आपले उच्च शिक्षण मुख्यतः जपानीतूनच दिले. आपल्याला ते फारसे साधले नाही. एखाद्या देशाचे विद्यापीठ स्वभाषेतून चालते, तेव्हा परक्या विद्यार्थ्याला त्या भाषेत व्याख्यान ऐकता येते की नाही, हे तपासणे त्या देशाला भागच असते. मराठी माध्यमातून भौतिकशास्त्राची पदवी देणारे विद्यापीठ आपल्याकडे असते, तर आपणही अशी परीक्षा काढली असती.

व्याख्यान ऐकणारा विद्यार्थी

आता प्रत्यक्ष प्रश्नपत्रिकांकडे वळू. जेएलपीटीच्या एन-२ स्तरावर भाषाज्ञान व वाचन यांसाठी १०५ मिनिटे आणि श्रवणासाठी ५० मिनिटे असतात. भाषाज्ञान, वाचन आणि श्रवण या तिन्ही विभागांना प्रत्येकी ६० असे एकूण १८० गुण. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ९० गुण हवेत, शिवाय प्रत्येक विभागात किमान १९ हवेत. सर्व प्रश्न बहुपर्यायी असून उत्तरे यंत्राने तपासली जातात. संपूर्ण परीक्षेत विद्यार्थ्याला एकही जपानी वाक्य लिहावे लागत नाही आणि एकही उच्चारावे लागत नाही. एन-१ ची स्थितीही तीच आहे.

२०१० च्या पुनर्रचनेनंतर या परीक्षेचे उद्दिष्ट 'प्रत्यक्ष कार्य पार पाडण्यासाठी लागणारी संप्रेषणक्षमता' मोजणे असे सांगितले जाते. उद्दिष्ट आणि साधन यांतील विसंगती येथे स्पष्ट दिसते. जी परीक्षा बोलायला लावत नाही आणि लिहायला लावत नाही, ती संप्रेषणाची अर्धीच बाजू मोजते. अर्थात एकाच दिवशी अनेक देशांत, लक्षावधी परीक्षार्थींची परीक्षा घ्यायची तर तोंडी परीक्षा अशक्यप्राय आहे, हे मान्य करावे लागेल. आपणही विद्यापीठीय परीक्षांमध्ये बहुपर्यायी प्रश्नांचा आश्रय याच कारणासाठी घेतो आणि नंतर विद्यार्थ्यांना चार ओळी लिहिता येत नाहीत म्हणून हळहळतो. आक्षेप परीक्षेच्या मर्यादेवर तितकासा नाही. त्या मर्यादेबद्दल आपण विद्यार्थ्यांजवळ मौन पाळतो, त्यावर आहे.

ईजेयूमधील जपानी भाषेचा पेपर १२५ मिनिटांचा. त्यात लेखनासाठी ३० मिनिटे, वाचनासाठी सुमारे ४० आणि उरलेला वेळ श्रवणाच्या दोन प्रकारांसाठी असतो. लेखनाला ५० गुण. वाचनाला २०० आणि श्रवणाच्या दोन्ही प्रकारांना मिळून २००. लेखनात दोन विषयांपैकी एक निवडून ४०० ते ५०० अक्षरांत आपले मत कारणांसह मांडावयाचे असते. एकूण गुणांत लेखनाचा वाटा नवव्या हिश्श्याइतकाच, म्हणजे अल्प आहे. पण तो आहे. कोऱ्या चौकटी समोर ठेवून अर्धा तास स्वतःची वाक्ये रचणे हा अनुभवच एन-२ च्या विद्यार्थ्याला बहुधा नवा असतो.

या परीक्षेचा सर्वांत लक्षणीय भाग मात्र 'श्रवण-वाचन' हा होय. विद्यार्थ्यासमोर एखादी आकृती, तक्ता, आलेख किंवा सूचनापत्र छापलेले असते आणि त्याच वेळी ध्वनिफितीवर एखादा प्राध्यापक त्याविषयी बोलत असतो. सरोवराच्या पाण्याचे थर दाखविणारी आकृती आहे आणि व्याख्याता त्यांतील एका थरात ऋतुमानानुसार काय घडते ते सांगत आहे, अशा प्रकारचा प्रश्न कल्पनेत आणावा. विद्यार्थ्याने ऐकता ऐकता आकृतीतील योग्य जागा ओळखावयाची असते. डोळा फळ्यावर आणि कान शिक्षकाकडे, अशी ही अवस्था आहे. आपल्या कोणत्याही वर्गात पहिल्या बाकावरचा विद्यार्थी दर तासाला नेमके हेच करीत असतो. जेएलपीटीच्या श्रवण विभागात संभाषणे, घोषणा, चटकन द्यावयाचे प्रत्युत्तर असे प्रकार आहेत आणि वरच्या स्तरांवर लांब संवादांतून निष्कर्ष काढायचे प्रश्नही आहेत. परंतु वर्गातील व्याख्यान हा त्यांचा केंद्रबिंदू नाही. जेएलपीटीचा अभिप्रेत परीक्षार्थी कार्यालयात, दुकानात, रेल्वे स्थानकावर वावरणारा प्रौढ माणूस आहे. ईजेयूचा अभिप्रेत परीक्षार्थी वही उघडून बसलेला आहे.

शिवाय ईजेयू ही केवळ भाषेची परीक्षा नाही. विज्ञान, गणित आणि 'जपान व जग' असे प्रत्येकी २०० गुणांचे विषय तिच्यात आहेत आणि विद्यापीठ सांगेल त्याप्रमाणे ते निवडावे लागतात. विज्ञानात भौतिक, रसायन, जीव यांपैकी दोन शाखा घ्यायच्या असतात आणि गणिताचे दोन अभ्यासक्रम असतात. हे विषय जपानीत किंवा इंग्रजीत देण्याची मुभा आहे, मात्र संबंधित विद्यापीठाला ते मान्य असले पाहिजे. आपल्या बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यातील आशय मुळीच परका नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याची अवस्था अवघड होते. 'जपान व जग' या विषयात राज्यव्यवस्था, अर्थकारण, भूगोल आणि आधुनिक इतिहास येतो. जपानची राज्यघटना, तेथील लोकसंख्येचे प्रश्न यांचा परिचय गृहीत धरला जातो आणि आपल्या अभ्यासक्रमात त्याचा मागमूसही नसतो. आमच्याकडे जपानी शिकण्याची हौस कला शाखेत अधिक आढळते, हे लक्षात घेता ही बाब दुर्लक्षण्याजोगी नाही.

आणखी एक फरक शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. ईजेयूमध्ये उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा शिक्का नाही. गुण दिले जातात आणि ते कितपत पुरेसे आहेत ते प्रत्येक विद्यापीठ ठरविते. हे गुण सामान्यतः दोन वर्षे ग्राह्य धरले जातात. जेएलपीटीच्या प्रमाणपत्राला अशी मुदत नाही. दुसरे असे की, ईजेयूच्या झालेल्या प्रश्नपत्रिका व उत्तरे प्रसिद्ध होतात. जेएलपीटीच्या बाबतीत २०१० नंतर प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका जाहीर होत नाही. अधिकृत सरावसंच तेवढे उपलब्ध आहेत. शब्दांची व कांजींची अधिकृत यादीही तेव्हापासून प्रसिद्ध होत नाही. वर दिलेले जुने आकडे आजही सर्व वर्गांत वापरले जातात, याचे कारण नवे आकडे कोणी सांगतच नाही. भारतीय आंब्यावरील जपानची दीर्घकाळची बंदी २००६ मध्ये उठली, तेव्हा बाष्प-उष्ण प्रक्रियेची अट कडक होती, पण ती काय आहे हे हापूसच्या बागायतदाराला आधी ठाऊक होते. एन-३ ला बसणाऱ्या त्याच्या मुलाला मात्र नेमके किती शब्द आले पाहिजेत, हे कोणी छापून देत नाही.

दोनशे गुणांचे समीकरण

या दोन परीक्षांची तुलना जपानमधील प्रशासनही करते आणि ती वाचताना गोंधळ वाढतो. व्यवसाय-प्रशिक्षण देणाऱ्या तेथील विशेष विद्यालयांत प्रवेशासाठी भाषेची जी पात्रता सामान्यतः सांगितली जाते, तीत एन-२, ईजेयूच्या जपानी विषयात २०० गुण किंवा व्यावसायिक जपानीच्या बीजेटी परीक्षेत ४०० गुण हे पर्याय एका रांगेत येतात. हे वाचून एन-२ म्हणजे ईजेयूचे २०० गुण, असे समीकरण विद्यार्थी मांडतो. ते प्रशासकीय सोयीसाठी ठीक आहे. परंतु नामांकित विद्यापीठे ४०० पैकी २०० गुणांवर समाधान मानत नाहीत. एकाच उंबरठ्यावर ठेवलेल्या तीन मोजपट्ट्या समान लांबीच्या आहेत, असा अर्थ त्यातून काढणे चुकीचे ठरते.

डिसेंबर २०२५ च्या सत्रापासून जेएलपीटीच्या गुणपत्रकावर युरोपीय भाषाचौकटीतील संदर्भस्तर दाखविण्यास प्रारंभ झाला आहे. त्यानुसार एन-२ मध्ये ९० ते १११ गुण मिळविणारा बी-१ स्तरावर, तर ११२ आणि त्याहून अधिक गुण मिळविणारा बी-२ स्तरावर गणला जातो. एकाच 'एन-२ उत्तीर्ण' या शब्दांखाली दोन वेगळ्या योग्यता होत्या, याची ही एक प्रकारे कबुलीच आहे. हा बदल स्वागतार्ह आहे, परंतु युरोपीय चौकटीत बोलणे व लिहिणे यांचाही समावेश होतो आणि येथील स्तर मात्र वाचन-श्रवणावरूनच काढलेला असतो. गुणपत्रक पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले, तरी पुरे.

अन्य परीक्षांविषयी थोडक्यात. नॅट-टेस्ट आणि जे-टेस्ट या वर्षातून सहा वेळा होतात आणि जपानमधील भाषाशाळांच्या प्रवेशासाठी, विशेषतः प्रारंभिक स्तरावर, त्यांचा उपयोग होतो. भाषाशाळेच्या विद्यार्थी-व्हिसासाठी साधारणतः एन-५ च्या तोडीचे ज्ञान किंवा १५० तासांच्या अभ्यासाचा दाखला अपेक्षित असतो. म्हणजे एन-५ चे खरे स्थान भाषाशाळेच्या दाराशी आहे, विद्यापीठाच्या दाराशी नाही. जपानला जाणारे असंख्य परदेशी विद्यार्थी हाच मार्ग पत्करतात. तेथे एक-दोन वर्षे भाषाशाळेत शिकायचे, तेथूनच ईजेयू द्यायची आणि मग विद्यापीठात जायचे, असा तो मार्ग होय. परंतु भाषाशाळेचे वर्षाचे शुल्कच साधारणपणे सात-आठ लाख येनांच्या घरात असते, राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा. आठवड्याला २८ तासांपर्यंत अर्धवेळ काम करण्याची परवानगी मिळू शकते, पण त्या भरवशावर घरचे गहाण टाकून मुलाला पाठविणाऱ्या पालकाशी बोलताना आपण जपून बोलावे. जेएफटी-बेसिक ही २०१९ मध्ये सुरू झालेली संगणकीय परीक्षा तर विद्यार्थ्यांसाठी नाहीच. ती मुख्यतः 'विशिष्ट कौशल्य' व्हिसावर कामासाठी जाणाऱ्यांसाठी आहे आणि भारताशी त्यासंबंधीचा सहकार्य करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. एकाच जाहिरात-फलकावर 'जपानमध्ये शिका' आणि 'जपानमध्ये कमवा' ही दोन वाक्ये शेजारी लिहिलेली आढळतात, तेव्हा हा भेद पुसला जातो.

ज्यांना इंग्रजीतूनच शिकायचे आहे, त्यांची गोष्ट वेगळी. २००९ मध्ये जपानने १३ विद्यापीठांतून 'ग्लोबल ३०' योजना राबविली आणि इंग्रजी माध्यमातील पदव्यांना चालना दिली. टोकियो विद्यापीठाने २०१२ मध्ये बंगळुरूला कार्यालयही उघडले. अशा अभ्यासक्रमांना, तसेच अनेक पदव्युत्तर संशोधन विभागांना, प्रवेशाच्या वेळी जपानी परीक्षेची अट नसते. तेथे जेएलपीटीचा उपयोग पदवीनंतर होतो. नोकरी देणारी कंपनी एन-२ मागते आणि उच्चकुशल व्यावसायिकांच्या व्हिसाच्या गुणांकनात एन-१ ला १५, तर एन-२ ला १० गुण मिळतात. जेएलपीटीचे महत्त्व कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. ती मुख्यतः शिक्षण संपताना लागते, एवढेच म्हणावयाचे आहे.

मराठी विद्यार्थी आणि समान माप

सर्व देशांतील विद्यार्थ्यांना एकच प्रश्नपत्रिका दिली की न्याय झाला, अशी समजूत असते. जपानीच्या बाबतीत ती तपासून पाहण्याजोगी आहे. चिनी विद्यार्थ्याला कांजी चिन्हे बव्हंशी परिचित असतात. परिच्छेदाचा मथितार्थ तो उच्चार ठाऊक नसतानाही पकडू शकतो. मराठी विद्यार्थ्याची स्थिती नेमकी उलट आहे. त्याला वाक्य आपले वाटते आणि अक्षर परके.

जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, नामाच्या मागे शब्दयोगी अव्ययासारखे प्रत्यय लागतात, हे तर सर्वश्रुत आहे. पण साम्य त्याहून खोल आहे. 'काल आलेला माणूस' या रचनेचा जपानी प्रतिरूप 'किनो किता हितो' हा शब्दाला शब्द त्याच क्रमाने येतो. इंग्रजीत मात्र तेथे संबंधी सर्वनाम घालून वाक्य उलटवावे लागते. 'करून पाहणे' यातील 'पाहणे' हे क्रियापद आपण डोळ्यांनी पाहण्याच्या अर्थाने वापरत नाही, प्रयत्नाच्या अर्थाने वापरतो. जपानीतील 'शिते मिरु' यात 'मिरु' म्हणजे पाहणेच, आणि अर्थही तोच. 'लिहून ठेवणे' याला 'काइते ओकु', 'खाऊन टाकणे' याला 'ताबेते शिमाउ'. एन-४ च्या पाठ्यक्रमात या रचना येतात आणि इंग्रजी माध्यमातून लिहिलेली पाठ्यपुस्तके प्रत्येकीवर पानभर स्पष्टीकरण देतात. मराठी विद्यार्थ्याला एक ओळ पुरे होईल. पण तो इंग्रजी पुस्तकातूनच शिकतो आणि स्वतःच्या भाषेने दिलेली सवलत वापरायची विसरतो. जपानी कानाक्षरांचा क्रमही क-च-त-न-प-म-य-र-व या आपल्या वर्णक्रमाशी नाते सांगतो (च आणि प यांच्या जागी आज स आणि ह उभे आहेत) आणि हे नाते बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णाभ्यासातून आले आहे, हे किती वर्गांत सांगितले जाते?

परिणाम असा की, आपला विद्यार्थी व्याकरण व श्रवणात बरे गुण मिळवितो आणि वाचनात अडखळतो. जेएलपीटीच्या एन-२ सारख्या स्तरावर प्रत्येक विभागाची १९ गुणांची किमान मर्यादा असल्यामुळे वाचनातील अपयश एकूण गुणांनी झाकता येत नाही. याउलट ईजेयूच्या जपानी पेपरात, लेखन वगळता, निम्मे गुण श्रवणाच्या दोन प्रकारांना आहेत आणि विभागवार नापास होण्याची तरतूद नाही. केवळ रचनेचा विचार करता ईजेयू ही परीक्षा मराठी विद्यार्थ्याच्या बलस्थानांना अधिक न्याय देणारी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कांजीची मेहनत त्यामुळे टळत नाही. ४० मिनिटांत वाचनाचे उतारे संपवायचे तर हजारभर चिन्हे नजरेखालून सहज गेली पाहिजेत.

रत्नागिरीहून पाहताना

गुणवत्तेची चर्चा झाली, तरी परीक्षा कोठे आणि केव्हा होते हा प्रश्न आमच्यासाठी गौण नाही. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरात होते आणि महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे तिची केंद्रे आहेत. पुण्यात जपानी अध्यापनाची परंपरा जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ यांनी ती जोपासली आहे. आमच्या विद्यार्थ्याला जुलैची परीक्षा म्हणजे ऐन पावसात आंबा किंवा कुंभार्ली घाट ओलांडणे. दरड कोसळली की वर्षाचा अभ्यास अर्ध्या वाटेवर थांबतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तो आठवडा येथे कोणी विसरलेले नाही. त्यामुळे डिसेंबर हाच आमचा खरा परीक्षेचा महिना.

ईजेयू जूनमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये होते, परंतु भारतात ती नवी दिल्लीत होत आली आहे. कोकण रेल्वेने राजधानी गाठण्याचा प्रवास, निवास आणि सोबत एक पालक, एवढा खर्च एका परीक्षेसाठी करावा लागतो. भारतीय विद्यार्थ्यांची जपानमधील संख्या इतर आशियाई देशांच्या तुलनेने अल्प आहे, याची कारणे अनेक असतील. पण ज्या परीक्षेवर पदवी प्रवेश अवलंबून आहे, ती पुण्यापासूनही इतकी दूर आहे, हे त्यांपैकी एक असावे. जपानी भाषेचे एवढे मोठे केंद्र असलेल्या पुण्यात ही परीक्षा घेतली जावी, अशी मागणी करण्यास महाराष्ट्रातील महाविद्यालयांनी एकत्र यायला हरकत नाही.

दरम्यान आपल्या हाती काय आहे? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये परदेशी भाषांच्या यादीत जपानीचा उल्लेख आहे आणि श्रेयांक पद्धतीमुळे अनेक महाविद्यालये दोन श्रेयांकांचा जपानी अभ्यासक्रम सुरू करण्याच्या विचारात आहेत. दोन श्रेयांक म्हणजे ३० तास. जुन्या आराखड्याप्रमाणे एन-५ ला १५० तास लागत, म्हणजे असे पाच अभ्यासक्रम. आणि एन-२ ला ६०० तास, म्हणजे वीस. एका सत्रात ३० तास शिकवून माहितीपत्रकावर 'एन-५ ची तयारी' असे छापणे म्हणजे विद्यार्थ्याची फसवणूक करणे होय, मग ती कितीही सद्भावनेने केलेली असो. आमच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी 'स्तराचे नाव नसेल तर विद्यार्थी येणार नाहीत' असे सांगितले. त्यात तथ्य आहे. येथे विद्यार्थी प्रमाणपत्राकडे पाहून येतो.

तरीही प्रस्तावित अभ्यासक्रमाच्या मसुद्यातून 'एन-५' हा शब्द प्रस्तुत लेखकाने काढला आहे. त्याऐवजी पहिल्या ३० तासांत कानाक्षरे, मराठीशी समांतर वाक्यरचना आणि सुमारे चाळीस कांजी, एवढाच आशय ठेवला आहे. दुसऱ्या सत्रापासून ईजेयूच्या प्रसिद्ध झालेल्या श्रवण-वाचनाच्या प्रश्नांपैकी सोपे प्रश्न ऐकविण्याची सूचना केली आहे. ती बहुधा वादग्रस्त ठरेल, कारण एवढ्या लवकर विद्यार्थ्याला त्यातले फारसे कळणार नाही. तरी आकृती पुढे ठेवून जपानी प्राध्यापकाचा आवाज कानावर पडला, तर आपण कशासाठी शिकत आहोत हे तरी त्याला पहिल्या वर्षीच कळेल.

अभ्यासक्रमासोबत एक पानाचे मार्गदर्शनपत्रही जोडले आहे. त्यात पदवीला जाणाऱ्याने, पदव्युत्तर इंग्रजी अभ्यासक्रमाला जाणाऱ्याने, भाषाशाळेत जाणाऱ्याने आणि कामासाठी जाणाऱ्याने कोणती परीक्षा द्यावी, हे चार ओळींत लिहिले आहे. सर्वांत तळाशी तारखांची नोंद आहे. जूनच्या ईजेयूचे अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये भरावे लागतात. म्हणजे आमची मुले बारावीच्या पेपरांत गुंतलेली असतात, नेमक्या त्याच दिवसांत.